व्हॉल्व्हचा जुना रेडिओ पुन्हा बोलता करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉल्व्हचे (म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे) रेडिओ घरी बसून दुरुस्त करायला लागलं की काही प्रश्न हमखास पडतात. अडचण एवढीच, की बहुतेक वेळा ते काहीतरी जळाल्यानंतर पडतात. ते थोडे आधी पडावेत म्हणून हा खटाटोप. रेडिओचं पाठचं झाकण उघडायच्या आधी निदान शॉकबद्दलचं उत्तर तरी वाचा. बाकीचं मागेपुढे वाचलंत तरी चालेल.

माळ्यावरून रेडिओ खाली काढलाय. आधी एकदा लावून बघू का, चालतो का ते?

नको. पंचवीस-तीस वर्षं धूळ खाऊनही धडधाकट राहिलेला रेडिओ या एका मिनिटात कायमचा बसू शकतो.

कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये आहे. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो आणि तोच इन्सुलेशनचं काम करतो. सेट वर्षानुवर्षं बंद राहिला की हा थर विरत जातो. मग एकदम अडीचशे-तीनशे व्होल्ट आले की कपॅसिटर विजेला अडवायचं सोडून वाट मोकळी करून देतो. तो करंट रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) आणि मेन्स, म्हणजे घरच्या विजेच्या, ट्रान्सफॉर्मरमधून जातो. कपॅसिटर गेला तर दुसरा मिळतो. त्याच सेटसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर गेला तर तो शोधण्यात वर्ष जातं.

‘चालू कंडिशनमध्ये आहे’ असं सांगून कोणी रेडिओ दिला असेल, तर त्याचा अर्थ ‘मी शेवटचा लावला तेव्हा धूर आला नाही’ एवढाच घ्यावा.

मग पहिला दिवस घालवायचा कशात?

बघण्यात. झाकण काढा आणि कशालाही हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या सॉकेटमध्ये आहे ते वहीत लिहा, पण आधीच्या माणसाने ते बरोबरच बसवले होते असं धरून चालू नका. चॅसिसखाली (पार्ट बसवलेल्या धातूच्या सांगाड्याखाली) काळे पडलेले रेझिस्टन्स, मेण ओघळलेले कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मरमधून गळलेलं डांबर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे सगळं डोळ्यांनीच कळतं. वासही घ्या. जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास वर्षानुवर्षं जात नाही. रबरी इन्सुलेशनच्या वायरी बोट लावताच भुगा होऊन पडत असतील, तर त्या बदलल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. १९३०-४०च्या दशकांतल्या काही सेटमध्ये गरम व्हॉल्व्हच्या वर, कॅबिनेटच्या आत, ॲस्बेस्टॉसचा कागद चिकटवलेला असतो. तो खरवडू नका.

धूळ मऊ ब्रशने झटका. व्हॉल्व्हच्या काचेवर छापलेला नंबर ओल्या फडक्याने पुसला जातो, तेव्हा नंबराच्या वाटेला जाऊ नका.

आणि डायलची काच! तिच्या मागच्या बाजूवर स्टेशनांची नावं रंगवलेली असतात. माझ्या पहिल्याच रेडिओची काच मी काढली, साबणाच्या पाण्यात कापूस बुडवला आणि मोठ्या प्रेमाने पुसायला घेतली. दुसऱ्याच फटकाऱ्यात अर्धं युरोप कापसावर आलं. पुढची बाजू पुसा, मागच्या बाजूवर फक्त कोरडा ब्रश, तोही हलक्या हाताने.

शॉकची भीती कितपत खरी आहे?

पूर्ण खरी. आत दोन वेगळे धोके आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिला धोका रेडिओ बंद केल्यानंतरचा. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये (रेक्टिफायरनंतरचं डीसी सपाट करणाऱ्या) दोन-तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवा. काम सुरू करण्याआधी तो कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद लावा आणि मग मीटरने व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ‘फटाक्’ करणारे जुने मेकॅनिक तुम्ही पाहिले असतील. कपॅसिटरलाही ते आवडत नाही आणि डोळ्यांनाही.

दुसरा धोका जास्त कपटी. ज्या सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यात मेन्सची एक वायर थेट चॅसिसला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की अख्खं चॅसिस लाइव्ह. नॉब घट्ट करणारा इवलासा स्क्रू, तळाचे बोल्ट, निखळलेल्या नॉबचा उघडा दांडा, यांतलं काहीही पुरेसं आहे. असा सेट १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर लावल्याशिवाय उघडा चालवू नये. व्हेरिॲक म्हणजे आयसोलेशन नव्हे. तो व्होल्टेज कमीजास्त करतो, पण मेन्सपासून वेगळं करत नाही. हा गैरसमज जाणत्यांचाही असतो.

चालू सेटवर माप घेताना एक हात खिशात ठेवायची जुनी शिकवण आहे. तिच्यामागे कारण आहे: एका हातातून शिरलेला करंट दुसऱ्या हातातून बाहेर पडला तर वाटेत हृदय लागतं.

माझ्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर आहे की नाही, कसं ओळखू?

व्हॉल्व्हचे नंबर वाचा, तेच सांगतात. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर फिलामेंटचं, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचं असतं. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, म्हणजे बहुधा ट्रान्सफॉर्मर. ‘यू’ म्हणजे १०० मिलिॲम्पियर, सगळी फिलामेंटं एकामागे एक जोडलेली, म्हणजे बहुधा बिनट्रान्सफॉर्मरचा सेट. ‘डी’ म्हणजे बॅटरीचा. पुढची अक्षरं काम सांगतात: ‘सी’ ट्रायोड, ‘एच’ हेक्सोड किंवा हेप्टोड, ‘एफ’ पेंटोड, ‘एल’ आउटपुट पेंटोड, ‘एम’ मॅजिक आय, ‘वाय’ आणि ‘झेड’ रेक्टिफायर. ईसीएच८१, ईएफ८९, ईएल८४, ईझेड८० अशी रांग दिसली की निम्मं सर्किट न उघडताच कळतं.

अमेरिकन नंबरात सुरुवातीचा आकडाच फिलामेंटचं व्होल्टेज असतो. १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४ हे पाच एकत्र दिसले तर बेरीज करून बघा. साधारण १२० व्होल्ट येतात, म्हणजे तिथल्या मेन्सइतकेच. ट्रान्सफॉर्मर वाचवण्यासाठीच ही जुळवाजुळव होती. अशा सेटमध्ये एक फिलामेंट तुटलं की सगळेच व्हॉल्व्ह विझतात, दिव्यांच्या माळेसारखे.

तरी आत एखादा ट्रान्सफॉर्मर दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, तो ऑटोट्रान्सफॉर्मर असू शकतो, म्हणजे मेन्सपासून वेगळं न करणारा. प्लग भिंतीतून काढा, रेडिओचा स्विच चालू स्थितीत ठेवा आणि प्लगच्या प्रत्येक पिनपासून चॅसिसपर्यंत ओहम मोजा. एखाद्या बाजूने थोडकेच ओहम दाखवले तर सेट लाइव्ह चॅसिसचा धरायचा.

व्होल्टेज निवडायचा टॅप मागे असतो, तोही तपासा. ११०वर ठेवलेला सेट २३०वर लावला की वरचे सगळे प्रश्न मिटतात, रेडिओसकट.

कोणती हत्यारं लागतील?

डिजिटल मल्टिमीटर, २५ ते ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, शिशाचं सोल्डर, जुनं सोल्डर शोषून घेणारा पंप, नाकाडी पक्कड, इन्सुलेटेड क्लिपा आणि सिरीज बोर्ड. सिग्नल जनरेटर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारा) नंतर. ऑसिलोस्कोप नसला तरी काही अडत नाही.

सिरीज बोर्ड म्हणजे काय, आणि तो वाचायचा कसा?

रेडिओ आणि मेन्स यांच्यामध्ये एका ओळीत जोडलेला साधा फिलामेंटचा बल्ब. टेबलावरच्या सेटला ४० ते ६० वॅटचा पुरतो. एलईडी बल्ब चालत नाही.

स्विच टाकल्यावर बल्ब उजळतो, कारण थंड फिलामेंटचा विरोध कमी असतो. काही सेकंदांत तो मंदावतो. रेक्टिफायर गरम होऊन हाय टेन्शन (व्हॉल्व्हना लागणारं चढं डीसी व्होल्टेज) सुरू झालं की पुन्हा किंचित उजळतो आणि तिथेच थांबतो. हे ठीक लक्षण. बल्ब भिंतीवर लावल्यासारखा लख्ख पेटला आणि मंदावलाच नाही, तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा. सगळे व्हॉल्व्ह काढूनही तेच झालं तर संशय मेन्स ट्रान्सफॉर्मरवर.

व्हेरिॲकने हळूहळू व्होल्टेज चढवून जुने कपॅसिटर ‘जागे’ करावेत, असं सुचवलं जातं. व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या सेटमध्ये यात एक गोची आहे: कमी व्होल्टेजवर रेक्टिफायरचं फिलामेंटच तापत नाही, त्यामुळे कपॅसिटरला काही मिळत नाही. मग अचानक तो तापतो आणि बरंच व्होल्टेज एकदम येतं. मी या भानगडीत पडत नाही, कपॅसिटर बदलतो.

व्हॉल्व्ह सगळे बदलावे लागतील ना?

बहुधा एकही नाही. नवशिका माणूस आधी व्हॉल्व्हवर आळ घेतो, कारण तेवढाच पार्ट सोल्डर न काढता बदलता येतो. व्हॉल्व्ह हजारो तास चालतात. आधी पिना आणि सॉकेट साफ करा.

मेलेला व्हॉल्व्ह ओळखायची एक खूण डोळ्यांना दिसते. काचेच्या आतला चांदीसारखा चकचकीत डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा आत शिरली, विषय संपला. चालू असताना काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळसर झाक निरुपद्रवी असते. इलेक्ट्रोडांच्या मध्येच जांभळट-गुलाबी उजेड भरला असेल तर आत वायू आहे. आणि आउटपुट (स्पीकर चालवणाऱ्या) व्हॉल्व्हची प्लेट, म्हणजे आतला धातूचा पत्रा, लाल दिसली तर विचार न करता स्विच बंद करा. त्यात चूक बहुतेकदा त्या व्हॉल्व्हची नसते, तर पुढच्या उत्तरातल्या कपॅसिटरची असते.

कपॅसिटर कोणते बदलायचे आणि कोणते ठेवायचे?

इलेक्ट्रोलिटिक बदला. कागदी, मेणाचे, डांबर भरलेले बदला. मायका आणि सिरॅमिक बहुधा चांगले असतात, ते राहू द्या.

सगळ्यांत आधी एकच शोधा: पहिल्या ऑडिओ व्हॉल्व्हच्या प्लेटपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत (करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीपर्यंत) जाणारा कपलिंग कपॅसिटर, साधारण ०.०१ मायक्रोफॅरडचा. एका बाजूला शंभरेक व्होल्ट, दुसऱ्या बाजूला शून्य, आणि मध्ये हा दरवान. समजा त्याचा विरोध घसरून १० मेगओहमवर आलाय. साध्या मीटरवर तो जवळपास ठणठणीत दिसेल. पण ग्रिडपासून चॅसिसपर्यंत ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स असेल, तर १०० व्होल्टांपैकी साडेचारच्या आसपास ग्रिडवर येतात. ईएल८४ला २५० व्होल्टवर सुमारे उणे ७.३ व्होल्टचा बायस, म्हणजे करंटला लगाम घालणारं ग्रिडचं व्होल्टेज, लागतो. म्हणजे निम्म्याहून जास्त लगाम सुटला. व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो, आवाज फाटतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर तापतो आणि एक दिवस जातो. ओहमवर तपासून ‘कपॅसिटर चांगला आहे’ म्हणणाऱ्यांचे असे ट्रान्सफॉर्मर गेलेले मी बघितले आहेत. त्यातला एक माझा.

तपासायचं असं: सेट चालू करून ग्रिडवर डीसी व्होल्ट मोजा, ईएल८४ असेल तर पिन २, ६व्ही६ असेल तर पिन ५. शून्य किंवा उणे हवं. अधिक एखादा व्होल्ट दिसला तरी गडबड आहे. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये क्षणभर आउटपुट व्हॉल्व्ह काढून पुन्हा मोजा. व्होल्टेज तसंच राहिलं तर कपॅसिटर गळतोय, गेलं तर व्हॉल्व्ह.

नवे घेताना ०.०५च्या जागी ०.०४७, ०.०२च्या जागी ०.०२२ बिनधास्त चालतात. व्होल्टेज मात्र ६३० घ्या. इलेक्ट्रोलिटिकमध्ये ८च्या जागी १० चालतो, पण रेक्टिफायरला लागूनचा पहिला कपॅसिटर ‘जास्त तितका चांगला’ म्हणून १०० मायक्रोफॅरडचा लावू नका. दर वेळी तो भरताना रेक्टिफायर व्हॉल्व्हचा जीव जातो. मूळ आकड्याजवळ राहा.

मेन्सच्या दोन वायरींमध्ये असलेल्या कपॅसिटरच्या जागी एक्स वर्गाचा, आणि मेन्स ते चॅसिस किंवा अर्थ असेल तिथे वाय वर्गाचाच लावायचा. इथे काटकसर नको.

आणखी एक सापळा. इलेक्ट्रोलिटिकचा डबा आणि चॅसिस यांच्यामध्ये फायबरचा वॉशर दिसला तर थांबा. त्या सेटमध्ये डब्याचं उणे टोक चॅसिसला नाही, ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला गेलेलं असतं. आउटपुट व्हॉल्व्हचा बायस त्याच वाटेवर तयार होतो. नवा कपॅसिटर सवयीने चॅसिसला जोडलात तर हम (सततची ‘घूंऽऽ’) येईल आणि कारण सापडणार नाही.

एका वेळी एकच पार्ट बदला, वहीत खूण करा, मग दुसरा. एका बैठकीत बारा बदलून सेट गप्प झाला, की बारा ठिकाणी शोधावं लागतं.

आणि रेझिस्टन्स?

जुने कार्बनचे रेझिस्टन्स वयाबरोबर वर सरकतात. एक टोक सोडवून मोजा. २० टक्क्यांहून जास्त सरकला असेल तर बदला. नसेल तर कशाला?

रेडिओ लागतो, पण सारखा ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो.

व्हॉल्यूम पूर्ण कमी करा. आवाज तसाच राहिला तर फिल्टर कपॅसिटर. कमी झाला तर गडबड व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधीच्या भागात, बहुधा शील्ड सुटलेली वायर. फक्त स्टेशन लागल्यावरच हम येत असेल आणि दोन स्टेशनांच्या मधे शांतता असेल, तर मेन्सच्या बाजूचा छोटा कपॅसिटर बघा.

खरखर वेगळी. नॉब फिरवताना खरखर झाली तर व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून तो पंचवीस वेळा मागेपुढे फिरवा.

आवाज बारीक येतो. आयएफटीचे स्क्रू फिरवून बघू?

हात मागे घ्या. आयएफटीचे (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरचे) कोअर, म्हणजे आतले फिरवता येणारे गाभे, आपणहून फारसे हलत नाहीत, त्यांना माणसं हलवतात. सुपरहेट सर्किट, जे एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ साली मांडलं, त्यात प्रत्येक स्टेशन एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणून मग वाढवलं जातं. ती बहुधा ४५५ किलोहर्ट्झ असते, काही सेटमध्ये ४७०च्या आसपास. चार कोअर त्या एका आकड्यावर जुळवलेले असतात. जनरेटरशिवाय फिरवले की तो आकडा हरवतो. शिवाय जुना कोअर धातूच्या स्क्रूड्रायव्हरने दुभंगतो आणि अर्धा तुकडा आत अडकून बसतो. कपॅसिटर आणि रेझिस्टन्स झाल्यावर, मीटर आणि जनरेटर हाताशी असतील तेव्हाच, प्लॅस्टिकच्या चावीने, शेवटच्या आयएफटीकडून पहिल्याकडे असं जुळवत यायचं.

काहीच ऐकू येत नाही. बिघाड कुठे शोधू?

मागून पुढे या, म्हणजे स्पीकरकडून एरियलकडे. व्हॉल्यूम पूर्ण वाढवून कंट्रोलच्या मधल्या टोकाला मीटरची एक मोकळी प्रोब टेकवा, हात तिच्या प्लॅस्टिकवरच ठेवा. स्पीकरमध्ये गुरगुर आली तर ऑडिओचा भाग जिवंत आहे.

मग ऑसिलेटर, म्हणजे स्टेशन त्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणण्यासाठी सेट स्वतः जी लहर तयार करतो तो भाग. हे तपासायला शेजारी एखादा छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवा. जुन्या सेटचा काटा ६०० किलोहर्ट्झवर असेल तर त्याचा ऑसिलेटर ६०० अधिक ४५५, म्हणजे १०५५ किलोहर्ट्झवर चालायला हवा. ट्रान्झिस्टर त्या जागी लावा आणि जुन्या सेटचा नॉब सावकाश हलवा. ट्रान्झिस्टरवरची खरखर एका ठिकाणी दबली किंवा शीळ आली, की ऑसिलेटर चालू. काही न खर्चता मिळणारं हे निदान मला अजूनही जादूसारखं वाटतं.

स्पीकर तुटक वाजतो. तो काढून दुसरा लावून बघता येईल?

सेट बंद असताना, हो. चालू सेटचा स्पीकर कधीही सोडू नका. लोड नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं. फार जुन्या सेटमध्ये स्पीकरला चुंबक नसून फील्ड कॉइल (विजेने चुंबक बनणारं वेटोळं) असते आणि तीच पॉवर सप्लायचा चोकही, म्हणजे हम गाळणारी कॉइलही, असते. तिथे नुसता दुसरा स्पीकर लावून भागत नाही. कागदाचा कोन फाटला असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा आणि पातळ केलेला पांढरा गोंद पुरतो.

डायलचा दोरा तुटलाय.

तुटला नसेल तेव्हाच त्याचं चित्र काढून ठेवायला हवं होतं. असो. गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर) पूर्ण बंद करा, ड्रमवरची स्प्रिंग शोधा आणि सुताच्या दोऱ्याने आधी तालीम करा. स्पिंडलवर बहुधा दोन-तीन वेढे असतात. वेढ्यांची दिशा चुकली तर काटा उलटा पळतो. संयम सुटला की उठा, चहा घ्या. हे काम चिडलेल्या माणसाच्या हातून होत नाही.

कॅबिनेट घासून नवं करू का?

लाकडी असेल तर आधी नुसतं साफ करा. वरचा थर फार पातळ व्हिनियरचा असतो, सँडपेपरने तो क्षणात पार होतो. बेकेलाइटची चमक वरच्या कातडीतच असते. ती घासून काढली तर खालचा मातकट भरणा उघडा पडतो, आणि त्याची धूळ छातीत गेलेली चांगली नाही. सौम्य पॉलिश आणि फडकं एवढंच. स्पीकरवरचं कापड धुवायला काढलं की आटतं.

सगळे नवे कपॅसिटर दिसले तर रेडिओ ‘ओरिजिनल’ कसा म्हणायचा?

हा वाद संपणारा नाही. काहीजण जुन्या कपॅसिटरची कागदी नळी पोकळ करून नवा कपॅसिटर तिच्यात बसवतात आणि टोकं मेणाने बंद करतात. दिसतं सुरेख. मी चॅसिसखाली नवे उघडेच ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाला काय बदललंय ते कळतं. चॅसिसच्या वर दिसणारा ॲल्युमिनियमचा डबा मात्र जोडणी तोडून जागेवरच ठेवतो. काढलेले पार्ट पुडीत घालून कॅबिनेटच्या आत ठेवा.

चालू झाला, पण लागणार काय त्याच्यावर?

पूर्वीपेक्षा कमी. मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हची बरीच केंद्रं बंद झाली आहेत, आणि जी आहेत त्यांच्यावर मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे किरकिर करतात. आधी घरातले दिवे एकेक बंद करून बघा. मग काही मीटर लांब वायर एरियल म्हणून बाहेर न्या. वीजवाहिनीपासून दूर. हे सेट बाहेरचा एरियल गृहीत धरूनच बनवलेले असत. रात्री दूरची स्टेशनं जास्त लागतात.

डायलवर मीटरचे आकडे असतील तर ३,००,०००ला त्या आकड्याने भागा, किलोहर्ट्झ मिळतात. ३०० मीटर म्हणजे १०००. छापलेल्या नावावर तेच स्टेशन सापडेल अशी आशा ठेवू नका. नोव्हेंबर १९७८मध्ये जगाच्या मोठ्या भागात मीडियम वेव्हची फेरवाटणी झाली आणि स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या नव्या घरांत गेली.

मागे पिकअपची (ग्रामोफोन जोडायची) दोन भोकं आहेत. त्यात मोबाइल जोडला तर?

ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये जोडता येतो, मध्ये छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ठेवून. लाइव्ह चॅसिसच्या सेटला थेट कधीच नाही. मोबाइल हातात असतो हे विसरू नका.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने वास यायला लागला. घाबरू का?

तापलेल्या व्हॉल्व्हवरची धूळ भाजल्याचा कोरडा वास असेल तर दोन दिवसांत जातो. गोडसर मेणाचा वास आला तर बंद करून ट्रान्सफॉर्मरला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर नाही. सडलेल्या मुळ्यासारखी उग्र घाण आली तर तो सेलेनियम रेक्टिफायर. प्लग काढा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर या.